काकांची हिंदी गेली तेव्हा

आमच्या मॅडम पेशंटसमोर बसल्या की तोंडात लवंग धरायच्या. पक्षाघातानं ज्यांची वाचा गेली आहे अशा माणसांना आम्ही चित्रं दाखवायचो आणि नावं विचारायचो. समोरचा माणूस 'छत्री'च्या 'छ'पाशी अडकायचा, ओठ हलायचे, मान लाल व्हायची, आणि तोच शब्द आपल्या जिभेवर अगदी तयार असायचा. तो बोलून टाकावा असं इतकं वाटायचं की बसवत नसे. पण बोलायचं नाही, हीच सगळी शिकवण. मॅडम लवंग दाताखाली धरून गप्प राहायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी मलाही एक दिली. "चबाना मत," त्या म्हणाल्या, "बस पकड़े रहो." मी ती पहिल्याच चित्राला चावून टाकली.

मी ग्वाल्हेरात मेंदूविज्ञानात पीएच.डी. करत होते तेव्हाची ही गोष्ट. मॅडम माझ्या गाईड. मूळच्या झाशीकडच्या, उंच, बोलणं तोडून टाकल्यासारखं, आणि चहा इतका कडक की त्यात चमचा उभा राहावा. आम्ही विद्यार्थी त्यांना टरकून असायचो आणि त्या रजेवर गेल्या की आम्हाला करमायचंही नाही. विभागात आम्हाला एक लांबट खोली दिली होती. तिच्यात एक कपाट, एक कॉम्प्युटर आणि उन्हाळ्यात वाऱ्यापेक्षा आवाज जास्त करणारा कूलर. पेशंट बघायला कंपू नावाच्या भागातल्या इस्पितळात जायचं आणि दुपारी खोलीवर परत येऊन रेकॉर्डिंग ऐकत एकेक अक्षर उतरवायचं. मेंदूविज्ञान म्हणजे चकचकीत यंत्रं आणि रंगीत चित्रं अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात माझी पहिली दोन वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांच्या अडखळण्यात गेली, आणि आज मागे वळून बघते तर त्यांच्याइतके सुखाचे दिवस मला दुसरे आठवत नाहीत.

माझा विषय मॅडमनीच सुचवला होता. आमचं घर लष्करात, म्हणजे ग्वाल्हेरच्या लष्कर नावाच्या जुन्या वस्तीत, पाटणकर बाजाराच्या मागच्या गल्लीत. पूर्वज दख्खनेतून दरबारच्या देवळात पूजेला म्हणून आले ते इथलेच झाले. वडील वीज मंडळात. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि भांडण रंगात आलं की दोन्ही. मॅडम म्हणाल्या, "तुम्हारे यहाँ हर आदमी दो ज़बानों में जीता है. दिमाग़ पर चोट लगे तो कौन सी बचती है, कौन सी जाती है, यही देखो." मला ते पटलं. आईला नाही. मी शरीररचना विभागात मेंदू हातात घेऊन पाहिला हे तिला कळल्यापासून ती रोज दारातच विचारायची, "आज हात लावलास का? मग पहिले अंघोळ करून घे, नंतर चौक्यात स्वयंपाकाला ये."

पहिली अडचण आली ती मात्र मेंदूची नव्हती, कात्रीची होती. चाचणीची मराठी चित्रं पुण्याहून मागवली होती, उत्तरंही त्यांच्यासोबतच. मी आधी आमच्याच ओळखीतल्या धडधाकट म्हाताऱ्यांवर ती करून पाहायला निघाले. शेजारच्या मावशींना कात्रीचं चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "कैंची."

"मावशी, मराठीत सांगा ना."

"मराठीतच तर सांगतेय! कात्री पुण्याची लोकं म्हणतात. आम्ही तर कैंचीच म्हणतो."

उशीला तकिया, कुलपाला ताला. दिवसभर उत्तरपत्रिकेवर चुकांच्या फुल्या मारत मी घरी आले. चूक त्या मावशींची नव्हती हे कळायला मॅडमसमोर जावं लागलं. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाल्या, "तो पहले पता करो कि ग्वालियर की मराठी में कैंची को कहते क्या हैं. पूना को छोड़ो." मग एक अख्खा हिवाळा मी लष्करातल्या मराठी घरांतून हिंडले. देवघरातली समई, माळ्यावरची शिडी, पडवीतली चाळणी दाखवत 'याला तुम्ही काय म्हणता' विचारत फिरले. प्रत्येक घरी शेव पेरलेले पोहे, वर तीळगुळाची गजक, आणि 'कोणाची गं तू?' हा प्रश्न. त्या हिवाळ्यात माझं वजन वाढलं आणि शब्दांची यादीही. आमच्या मोडक्यातोडक्या म्हणून हिणवलेल्या मराठीला पहिल्यांदा कोणीतरी बरोबर-चूक न म्हणता नुसतं ऐकून घेत होतं, याचा मला आतून फार आनंद व्हायचा. पुण्याच्या आत्या आम्हाला हसायच्या, त्याचंही थोडं उट्टं निघत होतं.

आणि मग काका भेटले.

काका शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला राहायचे. एका कॉलेजात जन्मभर हिंदी शिकवून निवृत्त झालेले. घराणं मराठी, शिलेदारांचं. एक दिवस सकाळी दाढी करताना त्यांचा उजवा हात लुळा पडला आणि तोंडातले शब्द गेले. इस्पितळातून सोडल्यावर त्यांचं नाव आमच्याकडे आलं. हात पुढे बराच सुधारला. वाचा मात्र विचित्र तऱ्हेनं परतली. मराठी थोडीथोडी यायला लागली, तुटक, एकेक शब्द करत. हिंदी आलीच नाही. ऐकलेली समजायची, बोलता यायची नाही.

ज्या माणसानं पिढ्यान्‌पिढ्या पोरांना हिंदीचं व्याकरण शिकवलं, त्याच्यासमोर मी हिंदी चाचणीच्या दिवशी चाकूचं चित्र ठेवायचे आणि ते नुसते बघत राहायचे. डोळे भरून यायचे. मग मान फिरवून खिडकीकडे बघायचे. मराठीच्या दिवशी तेच चित्र ठेवलं की जरा थांबून म्हणायचे, "सुरी." कात्रीला तर चक्क 'कात्री'. त्यांची आई साताऱ्याकडून लग्न होऊन आलेली, तिचे शब्द होते ते. माझ्या यादीतल्या कोणत्याच ग्वाल्हेरी म्हाताऱ्यानं म्हटले नव्हते ते शब्द या माणसाच्या तोंडून निघत होते. मॅडम रेकॉर्डिंग ऐकून खुर्चीतून पुढे झुकल्या. "ये तुम्हारी थीसिस का सबसे अच्छा केस है," त्या म्हणाल्या. महिन्यामहिन्यानं जाऊन कोणती भाषा कशी परत येते हे टिपायचं ठरलं. अट एकच होती. घरात जसं चालू आहे तसंच चालू राहू द्यायचं, आपण मध्ये पडायचं नाही.

घरात काका आणि काकू दोघंच. मुलगी हैदराबादला नोकरीत. काकू भिंडकडच्या, हिंदी घरातल्या. दोघांचं लग्न घरच्यांच्या मनाविरुद्ध झालेलं. मी त्यांना आधी आंटीजी म्हणायचे. बुटक्या, चपळ, डोक्यावरचा पदर सारखा सावरणाऱ्या. मला आश्चर्य वाटायचं की मराठी घरात इतकी वर्षं काढून त्यांना मराठी अजिबात कशी येत नाही. एकदा चहा गाळता गाळता त्यांनी स्वतःच सांगितलं. "मेरी सास को जब मुझसे कुछ छुपाना होता था तो मराठी में बोलती थीं. और छुपाने को रोज़ कुछ न कुछ होता था. मैंने भी ठान लिया, नहीं सीखूँगी." नवरा-बायकोत हिंदीच चालायची. मुलगीही हिंदीतच वाढली. सासू गेल्यावर त्या घरातून मराठी उठूनच गेली होती. आणि आता काकांच्या जिभेवर तीच तेवढी उरली होती.

मार्च सुरू झाला होता. मी मराठीच्या चाचणीसाठी गेले तेव्हा काकू आधीच रडकुंडीला आलेल्या. काका पलंगावर बसलेले, चादरीवर डाळ सांडलेली, थाळी जमिनीवर.

"रोज़ का यही है," काकू म्हणाल्या. "दोपहर हुई नहीं कि खाना-खाना लगा देते हैं. लाकर दो तो हाथ मार के फेंक देते हैं. अब तो मुझे लगता है दिमाग़ ही चला गया."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. चेहरा ताणून, एकेक अक्षर ढकलत म्हणाले, "जेव... जेवलीस?"

"देखा? फिर वही," काकू म्हणाल्या. "जेवण माने खाना, इतना तो मैं भी जानती हूँ."

"जेवलीस?" काका पुन्हा म्हणाले, आता चिडून. "तू... जेवलीस?"

रेकॉर्डर मी अजून पिशवीतून काढलाही नव्हता. लवंग मात्र सवयीनं तोंडात होती.

"आंटीजी," मी म्हणाले, "वो खाना नहीं माँग रहे. वो पूछ रहे हैं, तुमने खाना खाया?"

काकू थाळी उचलायला वाकल्या होत्या, तशाच थांबल्या. "मुझसे?"

"हाँ. आप ही से पूछ रहे हैं."

त्या हळूच पलंगाच्या कडेवर बसल्या. काही वेळ त्यांनी चादरीवरची डाळ नुसती बोटानं पुसली. "मैंने तो सुबह से चाय ही पी है," त्या अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "इनको निपटाते-निपटाते..." मग उठल्या, आत जाऊन दुसरी थाळी वाढून घेऊन आल्या आणि काकांच्या समोर बसून जेवायला लागल्या. काका एकेका घासाकडे बघत होते. पोळी संपली तशी त्यांनी डोळे मिटले आणि उशीला टेकले. त्या दिवशी चाचणी झाली नाही. मी चादर बदलायला मदत केली आणि निघाले.

दरवाज्यापर्यंत काकू आल्या. माझा हात धरून म्हणाल्या, "बेटा, मुझे उतनी मराठी सिखा दो जितनी इनके पास बची है."

मुरारहून विभागात येईपर्यंत स्कूटीवर माझं डोकं भणभणत होतं. काकूंना शिकवलं तर घरातली भाषा बदलणार, मग काकांची मराठी आपोआप सुधारली की काकूंमुळे, हे कोणी सांगू शकणार नाही. अट मोडणार. मॅडम आधी ओरडतील आणि मग अबोला धरतील, असं धरूनच मी आत शिरले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं.

मॅडम ओरडल्या नाहीत. आधी विचारलं, "लीस? ये 'लीस' क्या हुआ?" मी समजावलं की मराठीत क्रियापदाच्या शेवटावरून कळतं, कोण जेवलं, मी की तू, बाई की पुरुष. त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. मग म्हणाल्या, "और वो बेचारी सिर्फ़ आगे का हिस्सा सुन रही थी."

"मॅडम, सिखाऊँ?"

"ये भी पूछने की बात है?"

"पर फिर वो केस..."

"ग्रुप से बाहर जाएगा. अलग से लिखना, जो हुआ वो सब लिखना." त्यांनी टेबलावरची लवंगांची डबी बाजूला सरकवली. "ये टेस्ट के लिए है. ज़िंदगी के लिए थोड़े ही है."

माझा सगळ्यात चांगला पेशंट अभ्यासाच्या आकड्यांतून गेला. खोटं कशाला बोलू, घरी येऊन मी रुसून बसले. किती फेऱ्या, किती उतरवलेली पानं. आईनं कारण विचारलं, मी सांगितलं. तिनं पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मला घेऊन चल त्यांच्याकडे. तू काय शिकवणार, तुलाच धड येत नाही."

आईला धड येत होती असंही नाही. पण पुढच्या रविवारी ती माझ्यामागे स्कूटीवर बसून, हातात पुरणपोळ्यांचा डबा धरून मुरारला आली. पहिल्याच भेटीत तिनं त्यांना 'वहिनी' म्हटलं. काकू गोंधळल्या. त्या घराण्यातल्या कोणीही त्यांना कधी तसं म्हटलं नव्हतं, हे आम्हाला पुढे कळलं. त्या दिवसापासून मीही काकू म्हणायला लागले.

शिकवणी म्हणजे काय, दोघी स्वयंपाकघरात बसायच्या आणि आई एकेक वस्तू उचलून नाव सांगायची. निम्मी नावं हिंदी निघायची, मग दोघी हसायच्या. मी काकांच्या तोंडी उरलेल्या शब्दांची चिठ्ठी करून दिली होती. पाणी, दार, दुखतंय, झोप, ये, बस, नको. काकूंनी ती फ्रिजवर लावली. 'नको' त्यांना फार आवडला. दूधवाल्यालाही त्या 'नको' म्हणायला लागल्या.

क्रियापदांशी मात्र त्यांचं जमेना. एके दुपारी मी तिथेच होते. काकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "जेवलीस?" काकू ऐटीत म्हणाल्या, "हो, मी जेवला!"

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी कपाळाला आठ्या, मग ओठाचा डावा कोपरा हलला, आणि ते हसले. आजारानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी बोट वर केलं, वर्गात करत असतील तसं. "जेव...ले," ते म्हणाले. "जेवले."

"मी जेवली?"

"जेवले."

"अरे, तो 'जेवला' में क्या ख़राबी है?"

काका पलंगावर सरळ होऊन बसले. बोट तसंच वर. आणि त्यांच्या तोंडातून खणखणीत बाहेर पडलं, "ग़लत!"

क्षणभर कोणाच्याच लक्षात आलं नाही. मग काकूंच्या आलं. त्या उठून काकांच्या अगदी तोंडाशी गेल्या. "क्या बोले? फिर से बोलो." काका स्वतःच चकित होऊन बघत होते. "ग़लत," ते हळू म्हणाले, जणू जुन्या कपाटात काहीतरी हाताला लागलं होतं. मग जरा थांबून पुन्हा, मोठ्यानं. काकू रडत होत्या आणि रडता रडता म्हणत होत्या, "हाँ जी, ग़लत, ग़लत, सौ बार ग़लत!" मी मॅडमना फोन लावला. तो सरळ काकांच्या तोंडाशी धरला आणि त्यांनी मॅडमनाही तेच ऐकवलं.

त्यानंतर हिंदी आली, पण सावकाश आणि आपल्या मर्जीनं. सगळ्यात आधी वर्गातले शब्द आले. बैठो, पढ़ो, चुप. मग भाज्यांची नावं. जोडून वाक्यं त्यांना कधीच पूर्वीसारखी बोलता आली नाहीत. दोघांची मग एक तिसरीच बोली झाली. तिच्यात नाम मराठी असलं तर क्रियापद हिंदी, आणि काकूंचा भिंडचा हेल दोन्हींवर. काकू चुकायच्या, काका दुरुस्त करायचे. त्या कधीकधी मुद्दाम चुकतात असा आईला संशय होता. मॅडम एकदा स्वतः येऊन बसल्या, तासभर ऐकत राहिल्या आणि परतताना गाडीत म्हणाल्या, "इसको किस ख़ाने में डालोगी?" मी म्हटलं, माहीत नाही. "अच्छा है," त्या म्हणाल्या. "माहीत नाही लिखना भी सीखो." 'माहीत नाही' त्यांनी मराठीत म्हटलं होतं. काकूंकडून उचललं असावं.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, त्यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. एवढा दुर्मीळ पेशंट, तुम्ही स्वतःच का बिघडवलात? मी जे झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मग पुढच्या प्रकरणातल्या आलेखाबद्दल विचारलं. पदवी मिळाली. ते प्रकरण कुठल्या मोठ्या जर्नलनं घेतलं नाही. एका लहानशा अंकात आलं, आणि त्याची एक प्रत काकूंनी पारदर्शक कव्हरमध्ये घालून ठेवली. वाचता येत नव्हती, इंग्रजीत होती.

पुढे मी नोकरीसाठी पुण्याला आले. इथे मी 'कैंची' म्हटलं की माझे विद्यार्थी हसतात. मी हसू देते. चाचणीला पाठवताना त्यांना लवंग देते, त्यांना तो एक चमत्कारिक रिवाज वाटतो. कधी एखादं रेकॉर्डिंग ऐकताना मागून कोणाच्या घरातला कूलर घरघरतो आणि मी ती लांबट खोली, कंपूतला धुळकट रस्ता, शेअर टेम्पोंचा धूर, मॅडमचा तो काळा चहा यांच्यात जाऊन बसते. बटण दाबायचं राहून जातं. विद्यार्थ्यांना वाटतं, मॅडम विचार करतायत.

काका गेल्या वर्षी गेले. झोपेतच. मला सुट्टी मिळून निघेपर्यंत सगळं आटोपलं होतं, म्हणून आधी फोन केला. काकू मराठीतच बोलल्या, अगदी नीट, एकही क्रियापद न चुकता. कसे गेले, कोण कोण आलं, मुलगी किती दिवस राहणार. मग म्हणाल्या, "आता घरात मराठी बोलायला कोणी नाही राहिलं गं." मी म्हटलं, काकू, रविवारी आईकडे जात जा.

त्या जातात. मुरारहून टेम्पोनं लष्करात येतात, बाजारात काही घ्यायचं असलं तर घेतात आणि मग आमच्याकडे दुपारभर बसतात. परवा आई फोनवर तक्रार करत होती. बोलता बोलता तिच्या तोंडून नेहमीसारखं हिंदी निघालं, तर काकूंनी तिला तिथेच थांबवलं. "म्हणतात, वन्सं, मराठीत बोला," आई म्हणाली. "सांग आता! भिंडची बाई, माझ्याच घरात बसून मला मराठी शिकवते. मी काय आता विचार कर-कर के बोलायचं?"

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"काय करणार," आई म्हणाली. "बोलले."